इशारे मोजताना

‘केळं आणि संत्रं, यांत सारखं काय?’ फ्रंटल असेसमेंट बॅटरी नावाची चाचणी या प्रश्नाने सुरू होते. पॅरिसच्या ब्रुनो दुबुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. सहा भाग, प्रत्येकाला तीन गुण, एकूण अठरा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मेंदूचा पुढचा भाग कसा चालतोय याचा अंदाज घ्यायला ती जगभर वापरतात. केळं-संत्र्याचं अपेक्षित उत्तर एका शब्दाचं: फळं. ‘दोघांना साल असते’ असं कुणी म्हटलं तरी शून्यच.

जळगावजवळच्या नशिराबादच्या, पार्किन्सन्स झालेल्या एका आप्पांना मी हा प्रश्न विचारला. आप्पांनी उभी हयात केळी केली. मृगबाग, कांदेबाग, पीलबाग सगळं त्यांच्या बोटांवर. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “ताई, त्यात सारखं काय असणार? केळीचा घड उतरवला का खोड गेलं. संत्र्याचं झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. केळीचं पाणी थांबवून चालत नाही, संत्र्याला मुद्दाम ताण द्यावा लागतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीचा भाव व्यापारी ठरवतो.”

नियमाप्रमाणे शून्य. मी शून्य मांडलं आणि समासात त्यांचं उत्तर शब्द न बदलता लिहून ठेवलं.

असं उत्तर पूर्वी दुसरीकडेही मिळालेलं आहे. १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय, असं ते विचारत. शाळेचं तोंड न पाहिलेले शेतकरी सांगत की यातलं काहीच बाजूला काढता येत नाही, ओंडकाच नसेल तर कापायचं काय? त्या माणसांच्या मेंदूला काही झालेलं नव्हतं. त्यांना वस्तू वर्गवारीने दिसत नव्हत्या, कामाने दिसत होत्या. याच लुरियांची मूठ-धार-तळवा ही हाताच्या हालचालींची मालिका पॅरिसच्या त्या चाचणीत तिसरा भाग म्हणून आहे. उझबेक शेतकऱ्यांनी लुरियांना दिलेला धडा मात्र चाचणीच्या गुणपत्रिकेत कुठे दिसत नाही. आप्पांचं शून्य आजाराचं की चौथीत सुटलेल्या शाळेचं, हे त्या आकड्यावरून मला सांगता येत नाही आणि कुणालाच येणार नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानंतर माणसाला त्याची रोजची कामं, म्हणजे आंघोळ, स्वयंपाक, शेत, हिशेब, जमतील तशी पुन्हा करता यावीत यासाठी लागेल ते करणं हा माझा धंदा. जळगावात बसते आणि भुसावळ रस्त्यावरच्या गावांत घरी जाऊन रुग्ण पाहते. नशिराबाद हे त्यातलं मोठं गाव. एका अंगाला सिमेंटचा कारखाना, गावात झिपरू अण्णा महाराजांची समाधी, मशिदी, आणि शेतकरी, मजूर, रेल्वेतून निवृत्त झालेले, दुकानदार अशी सगळ्या तऱ्हेची वस्ती. शिक्षणाची पातळी एकाच गल्लीत निरक्षर ते पदवीधर. चाचणी एकच, आणि तीही बहुधा मोठ्या शहरातल्या शिकलेल्या माणसावर बेतलेली.

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथर आठवते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. त्यातले काही तर त्याने रस्त्यात येता-जाता पाहिलेले. हातपाय बिघडले तरी बुद्धीला धक्का लागत नाही, असं त्याने लिहून ठेवलं, आणि ते पुढे फार काळ प्रमाण मानलं गेलं. आता माहीत आहे की मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात तेव्हा हालचालींची यंत्रणा तर अडतेच, पण त्याच भागातून मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणारे रस्तेही सुकतात. २०१० साली वेगवेगळ्या देशांतल्या १३४६ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. हे सगळे स्मृतिभ्रंश नसलेले रुग्ण. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या बुद्धीच्या कामांत मोजता येईल इतका उणेपणा आढळला.

हा उणेपणा नेमका कसला? एकत्र कुटुंबात एक कारभारी असतो. तो स्वतः वखर धरत नाही की भाकरी थापत नाही. पण कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणतं आज सोडून द्यायचं, अचानक पाहुणे आले तर बेत कसा फिरवायचा, हे सगळं तो बघतो. मेंदूतल्या या कारभाऱ्याला डॉक्टर एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. पार्किन्सन्समध्ये घरातली माणसं बहुतेक जागेवर असतात, कारभारी तेवढा सुस्तावतो. म्हणून आप्पांना गारपीट कोणत्या सालात झाली ते आठवतं, नातवाची इयत्ता माहीत असते, व्याजाचा हिशेब तोंडी येतो; आणि तरीही सकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला निघालेला माणूस ओट्यावर तासभर बसून राहतो. कुणी म्हटलं, “आप्पा, चला,” की उठतो.

घरच्यांना यातलं काय दिसतं? “सोंग करू राह्यले.” “आळस भरलाय अंगात.” “हट्टी झालेत, सांगितलं तेवढंच करतात.” थरथरत्या हाताला सहानुभूती मिळते, कारण तो दिसतो. सुरुवातच न होणं कुणाला आजार वाटत नाही. मी पाहिलेल्या घरांपैकी कितीतरी घरांत भांडणाचं मूळ इथे होतं, गोळ्यांच्या खर्चात नव्हतं.

भरीस भर, फाइलीत एखादा ‘३० पैकी २८’ असा शेरा असतो आणि मुलगा तो दाखवत म्हणतो, “मेंदू तर ठणठणीत आहे, डॉक्टरांनीच लिहिलंय.” तो आकडा बहुधा १९७५ च्या मिनी मेंटल चाचणीचा असतो. तारीख, वार, गाव, तीन शब्द लक्षात ठेवणं, वजाबाकी असा तिचा मामला. कारभाऱ्याला ती जवळजवळ विचारतच नाही. मॉन्ट्रियलची मोका ही चाचणी २००५ ची. तिच्यात घड्याळ काढणं, आकडा आणि अक्षर आळीपाळीने जोडत जाणं असे भाग आहेत, म्हणून पार्किन्सन्ससाठी ती जास्त उपयोगी. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर त्यात एक गुण जादा द्यायचा. बारावी नापास आणि कधीच शाळेत न गेलेली बाई, दोघांना तोच एक गुण. कॅनडात तो पुरत असेल.

घड्याळाचंच बघा. आमच्याकडच्या अनेक म्हाताऱ्यांना घड्याळ वाचता येतं, पण त्यांनी ते कधी काढलेलं नाही; पेन्सिल धरली ती अंगठ्याऐवजी सही शिकताना. त्यात पार्किन्सन्सने अक्षर बारीक झालेलं, हात ताठलेला. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं की कागदावर आक्रसलेलं अंड्याएवढं वर्तुळ येतं आणि सगळे आकडे एका बाजूला गोळा होतात. हे नियोजन चुकलं, की हात चालला नाही, की कागदावर काम करायची सवय नाही? तिन्ही असू शकतं. म्हणून शक्य तिथे मी हाताला वगळते. उलटे आकडे म्हणायला लावते: मी ‘तीन, सात, दोन’ म्हणायचं, त्यांनी ‘दोन, सात, तीन’. दुकानावर बसलेली माणसं यात सरस ठरतात हेही ध्यानात ठेवावं लागतं.

मिनिटभरात अमुक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा, हा प्रकार ज्याने अक्षरं गिरवली त्यालाच नीट जमतो, इतरांना त्याचा अर्थच लागत नाही. भाज्यांची नावं सांगा म्हटलं तर डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकलेली माय मला थांबवू देत नाही. खरी कसोटी त्यापुढची: एक भाजी, एक जनावर, पुन्हा भाजी, पुन्हा जनावर. वांगं, गाय, गिलकं, म्हैस, गंगाफळ, भेंडी, मेथी, पोकळा… इथे गाडी भाज्यांच्या रुळावर गेली ती गेली. नियम विचारला तर बरोबर सांगतात, “एक भाजी, एक जनावर.” नियम ठाऊक असतो, पण एकावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. पार्किन्सन्सची जात मला या उडीत जितकी स्पष्ट दिसते तितकी घड्याळात दिसत नाही.

पॅरिसच्या चाचणीचा शेवटचा भाग तर आपल्याकडे भलताच होतो. रुग्णाने तळवे वर करून गुडघ्यांवर ठेवायचे, तपासणाऱ्याने काही न बोलता आपले हात त्याच्या तळव्यांना लावायचे. त्याने ते आपोआप पकडले तर मेंदूचा लगाम सैल झाल्याचं लक्षण. नशिराबादेत घरी आलेल्या लेकीसारख्या बाईने हात पुढे केला तर म्हातारी तो दोन्ही हातांत घेणारच, वर तोंडावरून फिरवील. म्हणून ‘धरू नका’ असं सांगून मी हा भाग पुन्हा करते. चाचणीतच तशी सोय आहे. सांगितल्यावरही हात धरला गेला, तरच मी त्याची नोंद गंभीरपणे घेते.

कधी तपासावं हा प्रश्नही तितकाच मोठा. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी लागू असताना माणूस एक असतो आणि तिचा असर उतरल्यावर दुसरा. सकाळच्या गोळीआधी घेतलेल्या चाचणीत ढिम्म बसलेला माणूस तासाभराने गप्पा मारतो. म्हणून गोळीची वेळ विचारल्याशिवाय मी फाइल उघडत नाही, आणि चाचणीच्या कागदावर गुणांच्या शेजारी ‘गोळी ७ वाजता, चाचणी ८ वाजता’ असं लिहिते. वैशाखात दुपारी तर कुणाची चाचणी घेऊच नये. पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली बसलेल्या, रक्तदाब आधीच खाली गेलेल्या माणसाच्या मेंदूचं मोजमाप म्हणजे उन्हाचं मोजमाप. गोळ्यांची चिठ्ठीही वाचावी लागते. थरथरीसाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल म्हाताऱ्या माणसाची स्मृती आणि विचार धूसर करू शकते. तो धूसरपणा पार्किन्सन्सच्या नावावर खपतो.

इतक्या सगळ्या पळवाटा लक्षात घेतल्यावर हातात काय उरतं, असं विचाराल. माझ्यापुरतं उत्तर स्वयंपाकघरात मिळालं. कॅरोलिन बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक चाचणी बांधली. स्ट्रोकच्या रुग्णांवरचा त्यांचा लेख २००८ चा आहे. तिच्यात प्रश्न नसतात, कामं असतात: ओट शिजवणं, फोन करणं, गोळ्या घेणं, बिल भरणं. ओटचं नशिराबादेत काय करायचं ते सोडा. मला भावली ती गुण देण्याची रीत. जमलं किंवा नाही जमलं असे दोन रकाने तिथे नाहीत. काम पुरं व्हायला किती मदत लागली, ते पायरीपायरीने लिहायचं. काहीच लागली नाही. नुसतं ‘पुढे काय?’ विचारावं लागलं. बोट दाखवावं लागलं. स्पष्ट सांगावं लागलं. हात लावावा लागला. किंवा आपणच करून टाकलं. आणि हे सुरुवात, मांडणी, क्रम, सुरक्षितपणा आणि शेवट या प्रत्येकासाठी वेगवेगळं.

एक अडचण होती. पार्किन्सन्समध्ये हात लावावा लागतो तो बऱ्याचदा हातासाठीच, डोक्यासाठी नाही. त्यावर मी एक रीत बसवली. ती प्रमाणित नाही आणि तिचे गुण मी कुठल्या तक्त्याशी ताडत नाही. “काकू, आज मी तुमचे हात. तुम्ही सांगाल तेवढंच करीन. नाही सांगितलं तर उभी राहीन.” काम चौघांच्या चहाचं, त्यातला एक बिनसाखरेचा.

या काकू एके काळी उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे गच्चीभर घालणाऱ्या. ज्वारी भिजवण्यापासून घाटा शिजवून कापडावर पसरण्यापर्यंतचं कित्येक दिवसांचं नियोजन त्या एकट्या पेलत. त्या ओट्याजवळ खुर्चीवर बसल्या. “पाणी ठेव.” मी पातेल्यात पाणी घेतलं, शेगडीवर ठेवलं आणि उभी राहिले. काकू पातेल्याकडे बघत राहिल्या. सुनेच्या ओठांवर ‘गॅस’ आलेला मला दिसत होता, मी बोट ओठांवर ठेवलं. बराच वेळ गेला. “काकू, आता पुढे काय?” “अगं, पेटव की!” एक इशारा, तोही सर्वांत हलका. त्यानंतर आलं, पत्ती, साखर, सगळं झरझर आणि बिनचूक, आलं कुटून टाकायचं की किसून यावर मला बोलणीही बसली. दूध टाकल्यावर मी मुद्दामच त्यांचं माहेर काढलं. असोद्याच्या गोष्टी निघाल्या, आणि दूध वर आलं ते शेगडीवर उतू जाईपर्यंत त्यांचं लक्ष गेलं नाही. तिथे मला बोट दाखवावं लागलं. बिनसाखरेचा कप गाळणी हातात घेईपर्यंत राहून गेला होता. “यातला बिनसाखरेचा कुणाला?” असं विचारताच त्यांनी कपाळावर हात मारला.

एवढ्या एका चहात मला जे कळलं ते अठरापैकी अमुक गुणांत कळलं नसतं. कृती शाबूत होती. सुरुवात आणि एका वेळी दोन गोष्टी धरून ठेवणं, या दोन जागी गळती होती. आणि दोन्हीकडे नुसत्या प्रश्नाने किंवा खुणेने काम भागत होतं, हात लावावा लागत नव्हता. म्हणजे काकूंना स्वयंपाकघरातून उठवण्याचं काही कारण नव्हतं. एकट्यांना मात्र शेगडीजवळ सोडायचं नव्हतं. सुनेला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटायचं, मुद्दाम अर्ध्यात सोडतात, म्हणजे मी करावं.” आता त्या घरात चहाचं सामान ओट्यावर डावीकडून उजवीकडे लागेल त्या क्रमाने मांडलेलं असतं, आणि सून उत्तर न देता ‘पुढे काय?’ विचारते. चहा होतो. चहाच्या वेळी माहेरचा विषय निघत नाही.

भुसावळच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन राहिलेले एक नाना चाचणीत मात्र पक्के. एकदा टकटक केलं तर तुम्हीही करा, दोनदा केलं तर हात हलवू नका, असा पॅरिसच्या चाचणीत एक भाग असतो, लगाम तपासणारा. नानांनी एकही चूक केली नाही. ज्याने नोकरीभर लाल-हिरवं पाळलं त्याच्याकडून होणारही नव्हती. त्यांच्या घरची तक्रार वेगळीच होती: नोव्हेंबर उलटला तरी हयातीचा दाखला बँकेत गेला नाही आणि पेन्शन अडली. पासबुक, आधार, पेन्शनचा नंबर, मोबाइलवर येणारा ओटीपी, रांग, आणि ठसा न उठणारी ताठ बोटं. प्रत्येक पायरी नानांना माहीत होती. पासबुक शोधायला म्हणून ते कपाट उघडत, त्यात जुने फोटो दिसत, आणि दिवस संपे. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडे, “एवढं साधं काम!” साधं नव्हतंच ते. चाचण्यांत टकटक असते, तीत एका वेळी एकच नियम असतो. हयातीच्या दाखल्यात नियम पाच आणि ते कुणी समोर उभं राहून सांगत नाही. आम्ही ते काम पाच चिठ्ठ्यांत फोडलं, एका दिवशी एकच चिठ्ठी कपाटाच्या दारावर. नानांनी दाखला दिला. नातू सोबत गेला होता, बोलले नानाच.

बाहेरून इशारा मिळाला की माणूस चालतो आणि आतून तो उठत नाही, हे या आजाराचं मर्म मला सर्वांत नीट कळलं ते एका चाचांकडून. चाचांची चाचणी मी हिंदीत घेतली, गुण मध्यम. जाता जाता ते हळूच म्हणाले, “बेटा, अकेले में रकात की गिनती छूट जाती है.” घरी एकट्याने नमाज पढताना रकाती, म्हणजे नमाजाची आवर्तनं, दोन झाल्या की तीन, सजदा एक झाला की दोन, याचा हिशेब सुटायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. मशिदीत, इमामामागे, खुर्चीवर बसून का होईना, एकदाही चुकत नसे. इमामाचा आवाज आणि शेजारच्यांची हालचाल हा त्यांचा कारभारी झाला होता. ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती, लाजेपायी. मी ती न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीत लिहिली, त्यांच्या परवानगीने. आणि गोळ्यांच्या वेळा अजानशी जोडता येतील का, असंही विचारलं. ऋतूप्रमाणे वेळ थोडी सरकते, पण त्यांच्या बाबतीत तेवढं चालेल असं डॉक्टर म्हणाले. मोबाइलचा गजर चाचा बंद करून विसरत. अजान बंद करता येत नाही.

पैशांविषयी विचारायला लोक कचरतात, मी विचारतेच. डोपामिनसारखं काम करणाऱ्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांमुळे काही जणांचा लगाम भलत्याच बाजूला सुटतो: जुगार, अनावर खरेदी, खाण्याचा किंवा शरीरसुखाचा हव्यास. आमच्याकडे तो मोबाइलवरच्या रमीच्या रूपात भेटला. आयुष्यात पत्ता न पिसलेला माणूस रात्री गोधडीखाली रमी खेळतो आणि बायको शेजारणीलाही सांगत नाही. हा स्वभाव बिघडल्याचा प्रकार नाही, औषधाचा आहे, आणि डॉक्टर मात्रा बदलून तो बऱ्याचदा आटोक्यात आणतात. स्वतःहून गोळ्या मात्र एकदम बंद करायच्या नाहीत. अचानक बंद केलेल्या पार्किन्सन्सच्या गोळ्या जिवावर बेतू शकतात.

आता थोडं मोठ्या कारभाऱ्यांविषयी. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चाचणी बांधताच येत नाही, असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मिनी मेंटलचं हिंदी रूप अशाच लोकांसाठी तयार झालं, त्याचा लेख १९९५ चा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बुद्धीच्या चाचण्यांचा जो संच बांधला तो सुरुवातीला पाच भाषांत आला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मलयाळम. मराठी त्या पाचांत नव्हती. नुसत्या भाषांतराने भागणारही नाही. तापीकाठच्या, दुसरी-चौथी शिकलेल्या, धडधाकट सत्तरीतल्या माणसांना किती गुण पडतात, हे आधी मोजायला हवं, तरच आप्पांच्या शून्याला अर्थ येईल. जळगावात विद्यापीठ आहे, दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. केळ्या-संत्र्याच्या जागी काय विचारायचं ते गावातली माणसं सांगतील. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखं काम आहे, पण नशिराबादच्या माणसाने त्यासाठी चारशे किलोमीटर जावं ही अपेक्षा चूक आहे.

तोवर ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचा माणूस आहे त्यांना एक सांगणं. पुढच्या वेळी न्यूरोलॉजिस्टकडे जाताना फाइलीत एक कागद जास्तीचा ठेवा. ओपीडीत मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत थरथर, ताठरपणा, गोळ्यांची मात्रा एवढंच होतं. बाकीचं तुम्ही सांगितलं नाही तर कुणी विचारणार नाही. पूर्वी न सांगता करत असलेलं कोणतं काम आता अर्ध्यात सुटतं, ते लिहा. कुठे अडतं तेही: सुरुवातीला, मधे, की शेवटी? पुढे सरकायला नुसतं विचारावं लागतं, खुणावावं लागतं, की हात धरून करवून घ्यावं लागतं? चालताना बोलावं लागलं तर पाय थांबतात का? गोळी घेतल्यावर किती वेळाने बरं वाटतं? पैसा आणि मोबाइल यांत काही नवीन दिसतंय का? रुग्णाला बाहेर बसवून हे डॉक्टरांच्या कानात सांगू नका. त्याच्यासमोर वाचा, आणि त्याचं म्हणणं वेगळं असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.